रेव्ह. थॉमस गॅलॉडेट : बहिऱ्या लेकराचा शेजारी

बहिऱ्या-मुक्यांच्या शिक्षणाचा इतिहास जेथे जेथे सांगितला जातो, तेथे तेथे अमेरिकेतील रेव्ह. थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट ह्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचे चरित्र आम्ही आमच्या खेड्यांतील मंडळ्यांपुढे दोन कारणांस्तव ठेवीत आहो. पहिले कारण असे की, हे गृहस्थ उपदेशक होते, आणि ज्या अँडोव्हर येथील ईश्वरविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले, त्याच विद्यालयातून गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोघे निघून १८१३ साली मुंबईस आले व मराठी लोकांत सुवार्तेचे काम करू लागले. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. गॅलॉडेट ह्यांच्या कार्याचा उगम एखाद्या मोठ्या सभेत झाला नाही; तो शेजाऱ्याच्या एका बहिऱ्या मुलीपाशी, घरच्या अंगणात झाला. अशी लेकरे तापीकाठच्या गावांत आहेत, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांतही आहेत, आणि त्यांच्या आईबापांस काय करावे हे सांगणारा मनुष्य बहुधा जवळ नसतो.

थॉमस गॅलॉडेट ह्यांचा जन्म १० डिसेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फिया शहरी झाला. पुढे १८०० साली त्यांचे कुटुंब कनेक्टिकट प्रांतातील हार्टफर्ड ह्या गावी येऊन राहिले. मुलगा बुद्धीने तीक्ष्ण, परंतु देहाने फार अशक्त होता. चौदाव्या वर्षी तो येल येथील महाविद्यालयात गेला व १८०५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, उत्तम रीतीने पदवी घेऊन बाहेर पडला. त्यानंतर काही काळ त्याने कायद्याचा अभ्यास केला, काही काळ व्यापाऱ्याचा माल घेऊन पश्चिमेकडील प्रांतांत फिरला. परंतु त्याचे मन कोठेच स्थिर होईना. अखेर १८१२ साली तो अँडोव्हर येथे गेला, आणि १८१४ साली तेथील अभ्यास पुरा करून उपदेशकाची सनद घेऊन घरी परतला. प्रकृती मात्र सुधारली नव्हती. एखाद्या मंडळीचा पाळक होऊन शांतपणे सेवा करावी, एवढाच त्याचा विचार असावा. देवाने त्याजसाठी निराळीच मंडळी राखून ठेविली होती.

हार्टफर्ड येथे गॅलॉडेट ह्यांच्या शेजारी डॉ. मेसन कॉग्सवेल राहत असत. ते त्या प्रांतातील नामांकित शस्त्रवैद्य होते. त्यांची मुलगी ॲलिस ३१ ऑगस्ट १८०५ रोजी जन्मली. दोन वर्षे ती इतर लेकरांसारखी ऐकत, हसत व बोबडे बोलत होती. १८०७ साली तीस अंगावर ठिपके उठणारा कठीण ताप आला. आज वैद्य ज्यास मेंदूच्या आवरणाचा दाह म्हणतात, तोच हा रोग होता असे मानितात. ताप उतरला, लेकरू वाचले, घरात आनंद झाला. परंतु त्या तापाने तिचे कान नेले होते. पुढे जे दोन-चार शब्द ती शिकली होती तेही हळूहळू तिच्या जिभेवरून गेले. ज्याचा आवाज आपल्याच कानी येत नाही, तो शब्द लहान मूल जपून ठेवू शकत नाही.

येथे आम्ही आमच्या वाचकांस एक गोष्ट स्पष्ट करून सांगू इच्छितो. आमच्याकडे अशा मुलास मुके म्हणतात, आणि त्याची जीभ जड आहे असे समजून जिभेवर उपचार करितात. खरे पाहता बहुधा अशा मुलाची जीभ व कंठ निर्दोष असतात. ते बोलत नाही, कारण त्याने बोलणे ऐकिलेलेच नाही. रावेरच्या घराघरांत मूल लेवा बोली, अहिराणी, पावरी किंवा मराठी बोलू लागते, ते कोणी त्यास धडा दिला म्हणून नव्हे. आई जात्याशी, चुलीशी, विहिरीवर बोलत असते आणि मूल ते रात्रंदिवस कानाने पीत असते. कान बंद असला म्हणजे हा झरा आटतो; जिभेवर मध चाटविल्याने तो पुन्हा वाहत नाही.

डॉ. कॉग्सवेल स्वतः वैद्य होते. दुसऱ्यांच्या डोळ्यांवरील पडदे दूर करणारा तो हात आपल्या मुलीच्या कानापुढे थांबला. त्या काळच्या वैद्यकात ह्यावर उपाय नव्हता. अशा वेळी आईबापांपुढे दोन वाटा असतात. एक, लेकराचे पोट भरावे, त्यास प्रीतीने सांभाळावे आणि त्याजपासून अधिक काही अपेक्षू नये. दुसरी, कान गेला तरी मन गेले नाही असे धरून त्या मनापर्यंत जाणारा दुसरा दरवाजा शोधावा. कॉग्सवेल ह्यांनी दुसरी वाट धरिली. ॲलिस आपल्या भावंडांत वाढली. घरच्यांनी तिच्याशी हातवाऱ्यांनी बोलणे चालू ठेविले. आणि लिडिया हंटली नामक एका शिक्षिकेच्या लहानशा शाळेत तीस ऐकणाऱ्या मुलींबरोबर बसविले. तरी घरगुती खुणांनी भूक, तहान, ये, जा एवढे सांगता येते; काल काय झाले, उद्या काय होईल, आजी मेली म्हणजे कोठे गेली, देव कोण, पाप म्हणजे काय, हे सांगण्यास पुरी भाषा लागते. ती भाषा त्या घरात कोणापाशीच नव्हती. दुसऱ्या वर्षापासून नवव्या वर्षापर्यंतचा काळ, ज्यात मुलाचे मन सर्वाधिक वेगाने वाढते, तो ॲलिसने बहुतांशी भाषेविना काढिला. तिच्या बापास सर्वांत अधिक टोचणी ह्याचीच होती.

त्या बापाने मग एक शहाणपणाचे काम केले. आपल्याच घरात हे दुःख आहे की आणखी कोठे आहे, हे त्यांनी विचारिले. १८१२ च्या सुमारास कनेक्टिकट प्रांतातील पाळकांनी आपापल्या मंडळ्यांत व गावांत चौकशी करून बहिऱ्या-मुक्यांची गणती केली, आणि ती संख्या ८४ भरली. त्या एका लहान प्रांतात ८४! कोणी गोठ्यात काम करीत होते, कोणी कोपऱ्यात बसून होते. एकाचे दुसऱ्यास ठाऊक नव्हते. हे काम त्या काळच्या कोणा राजाधिकाऱ्याने केले नाही. गावोगाव फिरणाऱ्या पाळकांनी केले, हे आमच्या उपदेशक बंधूंनी ध्यानात ठेवावे. जोपर्यंत दुःखाची मोजदाद होत नाही, तोपर्यंत प्रत्येक घर आपलेच नशीब म्हणून ते झाकून ठेविते.

१८१४ साली तरुण गॅलॉडेट घरी आले असता त्यांच्या अंगणात शेजारची मुले खेळत होती. त्यांत ॲलिस होती, परंतु खेळात नव्हती. पुढील हकीकत परंपरेने अशी सांगतात की, त्यांनी तीस जवळ बोलाविले, आपली टोपी दाखविली आणि टोपीच्या नावाची अक्षरे जमिनीवर काठीने लिहिली. पुनःपुन्हा टोपीकडे व अक्षरांकडे बोट केल्यावर त्या रेघा म्हणजेच ही वस्तू, हे तिच्या ध्यानात आले. मग तिने आणखी मागितले. ती धूळ व ती काठी हीच तिची पहिली पाटी व पेन्सील. बापाने हे पाहिले तेव्हा त्याची खात्री झाली की मुलीच्या मनाचा दरवाजा बंद नाही. किल्ली कोठे आहे तेवढे शोधिले पाहिजे.

किल्ली त्या वेळी समुद्रापलीकडे होती. अमेरिकेत बहिऱ्यांची एकही कायमची शाळा नव्हती. इंग्लंड, स्कॉटलंड व फ्रान्स येथे होत्या. पैसेवाल्या घरांतून अशा मुलांस जहाजाने विलायतेस पाठवीत असत. डॉ. कॉग्सवेल ह्यांस तेही करिता आले असते, परंतु एवढ्याशा मुलीस दूर परदेशी टाकण्यास मन होईना. आणि ती एक गेली तरी उरलेल्यांचे काय, हाही प्रश्न होता. म्हणून एप्रिल १८१५ मध्ये त्यांच्या घरी हार्टफर्डचे काही सद्गृहस्थ जमले व असे ठरले की, मुलीस विद्येकडे पाठविण्याऐवजी विद्येस मुलीकडे आणावे. त्यासाठी गॅलॉडेट ह्यांस पाठविण्याचे ठरून लगोलग वर्गणी जमली. २५ मे १८१५ रोजी ते न्यूयॉर्कहून जहाजावर चढले.

इंग्लंडात त्यांस जे अनुभवास आले त्याने त्यांचे मन खिन्न झाले. तेथील बहिऱ्यांच्या शाळा ब्रेडवुड नामक एका कुटुंबाच्या हाती होत्या, आणि शिकविण्याची पद्धत ते घरच्या दौलतीसारखी झाकून ठेवीत. त्यांनी गॅलॉडेट ह्यांस काही वर्षे आपल्या शाळेत कामगार म्हणून राहण्याची अट घातली. ते स्कॉटलंडात एडिंबरो येथे गेले. तेथील शिक्षकही ब्रेडवुड ह्यांच्याशी केलेल्या कराराने बांधलेला होता व त्यास ती विद्या दुसऱ्यास देता येत नव्हती. दूर हार्टफर्ड येथे एक मुलगी आपल्या आयुष्याची वर्षे घालवीत असता, विद्येच्या दाराशी कुलूप लावून बसलेली माणसे पाहून त्या तरुणास काय वाटले असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

परंतु लंडनमध्ये त्यांची गाठ फ्रान्सच्या ॲबे सिकार ह्यांच्याशी पडली. सिकार हे रोमन मताचे पुरोहित असून पॅरिस येथील बहिऱ्यांच्या शाळेचे प्रमुख होते. ती शाळा त्यांच्या पूर्वी ॲबे द लेपे ह्या पुरोहितांनी अठराव्या शतकात काढिली होती, आणि तीत खुणांच्या भाषेने शिकवीत. सिकार ह्यांजबरोबर मास्यू व लॉरां क्लेर हे त्यांचे दोन बहिरे शिष्य होते. दोघेही आता शिक्षक झाले होते. लोक त्यांस अवघड प्रश्न विचारीत व ते फळ्यावर लिहून विचारपूर्वक उत्तरे देत. बहिरा मनुष्य शिकू शकतो काय, एवढाच प्रश्न मनात घेऊन आलेल्या गॅलॉडेट ह्यांस येथे बहिरा मनुष्य दुसऱ्यास शिकविताना दिसला. सिकार ह्यांनी कोणतीही अट न घालता त्यांस पॅरिसला येण्याचे निमंत्रण दिले. १८१६ च्या वसंतात ते तेथे गेले व सुमारे तीन महिने शिकले. मतभेदाची भिंत मध्ये असताही एका पुरोहिताने प्रॉटेस्टंट उपदेशकास आपल्या विद्येचे भांडार उघडून दिले, ही गोष्ट दोन्ही पक्षांस शोभणारी आहे.

लॉरां क्लेर ह्यांचे बालपण आमच्या आईबापांनी ऐकण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १७८५ साली लियों शहराजवळील ला बाल्म ह्या खेड्यात झाला. सुमारे एक वर्षाचे असता ते खुर्चीवरून चुलीच्या विस्तवात पडले. गालावर कायमचा डाग राहिला, आणि त्याच अपघाताने ऐकणे व वास घेणे ह्या दोन्ही शक्ती गेल्या असा घरच्यांचा समज होता. सात वर्षांचे असता लियों येथील एक वैद्य बहिरेपण घालवितो असे आईच्या कानी आले व ती त्यांस तेथे घेऊन गेली. पंधरा दिवसपर्यंत दिवसातून दोन वेळा कोणती तरी औषधे त्यांच्या कानांत घातली गेली. लाभ काहीच झाला नाही. मग बाराव्या वर्षापर्यंत ते शाळेविना गावात हिंडत राहिले, आणि १७९७ साली पॅरिसच्या शाळेत गेल्यावर त्यांचे मन उघडले. आमच्याकडेही आई लेकरास कडेवर घेऊन एका वैद्याकडून दुसऱ्याकडे, एका दर्ग्याहून दुसऱ्या देवस्थानी हिंडते, आणि कानांत तेल व पाल्याचा रस घातला जातो. त्या आईच्या प्रीतीस आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु त्या हिंडण्यात जी वर्षे जातात ती परत येत नाहीत, आणि कानात घातलेले तेल आतल्या मज्जातंतूंपर्यंत पोचतही नाही. उलट पडद्यास भोक असल्यास कान अधिक बिघडतो.

गॅलॉडेट ह्यांनी क्लेर ह्यांस आपल्याबरोबर अमेरिकेस येण्याची विनंती केली. १८ जून १८१६ रोजी दोघे जहाजावर चढले व ५२ दिवसांनी, ९ ऑगस्टला, न्यूयॉर्कला पोचले. त्या प्रवासात गॅलॉडेट क्लेर ह्यांस इंग्रजी शिकवीत व क्लेर गॅलॉडेट ह्यांस खुणांची भाषा शिकवीत. एक ऐकणारा व एक बहिरा, दोघेही गुरू आणि दोघेही शिष्य. ह्याच रीतीने पुढील शाळेचा पाया जहाजावर घातला गेला. नंतर आठ महिने ते दोघे गावोगाव फिरले, सभा भरविल्या, पैसा मिळविला. प्रांताच्या सरकारानेही ५,००० डॉलर दिले.

१५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्ड येथे भाड्याच्या जागेत शाळा उघडली. पहिल्या दिवशी सात विद्यार्थी होते व पटावर पहिले नाव ॲलिस कॉग्सवेल हिचे होते. ती त्या वेळी अकरा वर्षांची होती. त्याच वर्गात जॉन ब्रूस्टर नामक तसबिरी काढणारा एक चित्रकार बसला. त्याचे वय ५१ वर्षांचे होते. अकरा वर्षांची मुलगी व एक्कावन्न वर्षांचा पुरुष एकाच बाकावर पहिली अक्षरे शिकत आहेत, ह्या चित्रातच त्या पिढीचे दुःख व त्या पिढीचा आनंद दोन्ही दिसतात. दोन वर्षांनी, १८१९ साली, अमेरिकेच्या राष्ट्रसभेने शाळेस अलाबामा प्रांतातील सुमारे २३,००० एकर जमीन दिली व तिच्या विक्रीतून शाळा स्थिर झाली.

शाळेत लिहिणे, वाचणे, हिशेब व हातकाम शिकवीत. रोजची उपासना गॅलॉडेट स्वतः खुणांनी चालवीत. विश्वास ऐकण्याने होतो असे प्रेषिताने रोमकरांस लिहिले आहे. त्या वचनाचा अर्थ आखडून घेऊन, ज्यास कान नाही त्यास सुवार्ता पोचणार कशी, असे कित्येक विचारीत असत. गॅलॉडेट ह्यांनी वाद न घालता हातांनी सुवार्ता सांगितली आणि डोळ्यांनी ती ऐकिली गेली. आमच्या प्रभूनेही दकापलीस प्रांतात त्या बहिऱ्यास गर्दीतून बाजूला नेले, त्याच्या कानांत बोटे घातली, जिभेस स्पर्श केला व आकाशाकडे पाहिले. शब्द बोलण्यापूर्वी त्याने त्या मनुष्यास समजेल अशा खुणांनी आपला हेतू सांगितला, असेच आम्हांस वाटते. जखऱ्याच्या घरीही आप्तांनी त्यास खुणा करून मुलाचे नाव विचारिले व त्याने पाटीवर लिहून दिले. आणि बहिऱ्यास शाप देऊ नये ही आज्ञा तर मोशेच्या नियमशास्त्रातच आहे.

ह्या शाळेत मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या बेटावरून काही मुले येत असत. त्या बेटावरील कित्येक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या बहिरी मुले जन्मत. परंतु तेथील गावकऱ्यांनी, ऐकणाऱ्यांनी देखील, खुणांची भाषा शिकून घेतली होती. शेतात, होडीत, दुकानात सर्वजण ती बोलत. म्हणून तेथला बहिरा मनुष्य लग्न करी, धंदा करी, गावच्या सभेत बसे, आणि त्याचे व्यंग लोकांच्या ध्यानातही राहत नसे. सर्व गावाने थोडीशी तसदी घेतली असता एका मनुष्याचे केवढे ओझे हलके होते, हे ह्या बेटाने दाखविले. घरापुरती आईच शिकली, तर मुलाचे जग घराएवढे राहते; मंडळी शिकली तर ते मंडळीएवढे होते.

सन १८१७ मध्येच सोफिया फाउलर नावाची १९ वर्षांची मुलगी शाळेत आली. ती जन्मापासून बहिरी होती व तोपर्यंत तिने अक्षर पाहिले नव्हते. २९ ऑगस्ट १८२१ रोजी गॅलॉडेट ह्यांनी तिच्याशी विवाह केला. त्यांस आठ मुले झाली. आई बोलत नव्हती व ऐकत नव्हती, तरी तिच्या हातांपासून मुले खुणांची भाषा शिकली व बापाच्या मुखापासून इंग्रजी. थोरला मुलगा थॉमस पुढे धर्मसेवक झाला व १८५२ साली त्याने न्यूयॉर्क येथे बहिऱ्यांसाठी उपासनामंदिर स्थापिले. धाकटा एडवर्ड वीस वर्षांचा असता, १८५७ साली, वॉशिंग्टन येथील नव्या शाळेचा प्रमुख झाला व आई सोफिया तेथे मुलांची देखरेख करू लागली. १८६४ साली अध्यक्ष लिंकन ह्यांच्या सहीने त्या शाळेस पदव्या देण्याचा अधिकार मिळाला, आणि १८९४ साली त्या महाविद्यालयास थॉमस गॅलॉडेट ह्यांचे नाव देण्यात आले. ते आज विद्यापीठ आहे.

१८३० साली प्रकृतीच्या कारणाने गॅलॉडेट ह्यांनी शाळेचे प्रमुखपद सोडिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात डॉ. कॉग्सवेल वारले, आणि तो महिना सरण्यापूर्वीच, ३० तारखेस, ॲलिसही बापामागून गेली. ती पंचवीस वर्षांची होती. ज्या मुलीसाठी एवढे सर्व झाले तिचे आयुष्य इतके थोडे, असे कोणास वाटेल. परंतु तिच्यामागून त्या शाळेत शेकडो मुले आली. गॅलॉडेट ह्यांनी उरलेले दिवस मुलांसाठी पुस्तके लिहिण्यात व १८३८ पासून हार्टफर्ड येथील वेड्यांच्या इस्पितळात धर्मोपदेशक म्हणून सेवा करण्यात घालविले. १० सप्टेंबर १८५१ रोजी ते देवाघरी गेले.

त्यांच्यामागून एक कठीण काळ आला. १८८० साली इटलीत मिलान येथे शिक्षकांची परिषद भरून असे ठरले की बहिऱ्या मुलांस केवळ ओठ पाहून समजणे व तोंडाने बोलणे शिकवावे, खुणा वर्ज्य कराव्यात. एडवर्ड गॅलॉडेट तेथे हजर होते व त्यांनी विरोध केला, परंतु त्यांचा पक्ष लहान होता. पुढे कित्येक पिढ्या मुलांचे हात शाळांत बांधल्यासारखे झाले. २०१० साली व्हँकूव्हर येथील तशाच परिषदेने त्या ठरावाबद्दल खेद प्रगट केला. ह्यापासून आईबापांनी एवढेच घ्यावे की, यंत्राने ऐकू येत असल्यास यंत्र लावावे, वाणी शिकविता येईल तितकी शिकवावी, आणि हातांनी बोलण्यासही लाजू नये. मुलाचे मन उपाशी ठेवून पद्धतीचा वाद घालणे हे शहाणपण नव्हे.

हिंदुस्थानात बहिऱ्यांची पहिली शाळा मुंबईस १८८५ च्या सुमारास रोमन मताच्या बिशप म्यूरिन ह्यांच्या प्रयत्नाने निघाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेत पालयमकोट्टै येथे फ्लॉरेन्स स्वेनसन ह्या मिशनरी बाईंनी दुसरे एक काम उभे केले. मुंबईत बांद्रे येथे अली यावर जंग ह्यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, आणि भारतीय खुणांच्या भाषेसाठी दिल्लीस २०१५ साली स्वतंत्र केंद्र निघाले. आज डॉ. कॉग्सवेल असते तर त्यांस जहाजाची वाट पाहावी लागली नसती. जन्मल्यानंतर महिन्याभरात, मूल निजलेले असताही, लहानशा यंत्राने कानाची परीक्षा होते. पहिल्या महिन्यात परीक्षा, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व सहाव्या महिन्यापर्यंत यंत्र व शिक्षण ह्यांचा आरंभ, असा क्रम वैद्य सांगतात. २०१३ पासून चाललेल्या बालस्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत व शाळेत मुलांची तपासणी होते व गरज पडल्यास त्यांस जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवितात. पात्र बालकांस श्रवणयंत्र, आणि काहींस कानाच्या आत बसविण्याचे यंत्रही, सरकारी योजनांतून मिळते.

तथापि हे सर्व असूनही वर्षे वाया जातात, आणि त्याचे कारण असे की घरात शंका उशिरा येते. पुष्कळ घरी मुलामागे थाळी वाजवितात. मूल वळले म्हणजे त्यास ऐकू येते असे समजतात. परंतु थाळीचा हादरा जमिनीतून अंगास लागतो, किंवा मुलास सावली दिसते, आणि ते वळते. बहिरे बालकही पहिले काही महिने इतरांसारखाच आवाज काढिते. पुढे तो आवाज वाढत नाही, ओसरतो. म्हणून थाळीवर भरवसा ठेवू नये. सहा महिन्यांचे मूल आईच्या हाकेकडे वळत नसेल, वर्षाचे होऊनही एखादा शब्द काढीत नसेल, तर आणखी एक वर्ष वाट पाहण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये, तपासणी करावी. मामाच्या मुलीशी किंवा जवळच्या नात्यात लग्न झालेल्या घरी, बहिरे माणूस ज्या घराण्यात आहे अशा घरी, व जे मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा जन्मतः फार आजारी होते त्याच्या घरी, अधिक सावध राहावे. ॲलिसला आला तसा मेंदूच्या आवरणाचा ताप आल्यास, मूल बरे होताच त्याचे कान तपासावे. कारण त्या रोगानंतर कानाच्या आतील शंखात हाड भरू लागते व पुढे यंत्र बसविणे कठीण होते. गोवर-रुबेला आदी ज्या लसी बाळास फुकट मिळतात त्या चुकवू नयेत. त्यांपैकी कित्येक ह्याच संकटापासून राखणाऱ्या आहेत.

आणि निदान झाले म्हणजे आईने बोलणे थांबवू नये. मुलाच्या समोर, उजेडात, त्याच्या डोळ्यांपुढे बसून बोलावे. भाकरी दाखवून भाकरी म्हणावे, हाताची खूण करावी, बोट धरून त्यास केळीच्या बागेत नेऊन घड, पान, पाट दाखवावे. ऐकणाऱ्या मुलास जे कानाने आपोआप मिळते, ते ह्या मुलास डोळ्याने व हाताने, जाणूनबुजून, दिवसातून शंभर वेळा द्यावे लागते. हे कष्टाचे काम आहे, आणि ते एकट्या आईवर टाकणे अन्याय आहे. बाप, आजी, थोरली भावंडे ह्यांनीही त्याच खुणा शिकाव्या. आणि अशा मुलास जन्म दिला म्हणून सुनेस बोल लावणाऱ्यांस उपदेशकांनी स्पष्ट शब्दांत आवरावे. जन्मांधाविषयी शिष्यांनी कोणाच्या पापाने असे झाले म्हणून विचारिले असता प्रभूने त्या मनुष्याचे व त्याच्या आईबापांचे पाप हे त्याचे कारण मानिले नाही.

आमच्या उपदेशक बंधूंस व बायबल-बायांस आमची एवढीच विनंती आहे की, कनेक्टिकटच्या पाळकांनी जे केले ते त्यांनी आपापल्या गावी करावे. घरोघर भेटीस जाता तेव्हा पाच वर्षांखालील मुलांविषयी विचारावे. ज्या घरी उत्तर देताना आई खाली पाहते, तेथे थोडे अधिक बसावे. नाव लिहून घ्यावे, अंगणवाडी सेविकेस व आरोग्य केंद्रास कळवावे, आणि जळगावास जाण्याचा दिवस ठरला म्हणजे त्या आईबरोबर कोणी तरी जावे. अनोळखी इस्पितळात चिठ्ठी हाती घेऊन एकट्याच उभ्या राहिलेल्या आया पुष्कळदा पहिल्या फेरीनंतर पुन्हा जात नाहीत.

वॉशिंग्टन येथील त्या विद्यापीठाच्या आवारात १८८९ साली उभारलेला एक पुतळा आहे. तो डॅनियल चेस्टर फ्रेंच ह्या शिल्पकाराने केला. त्यात गॅलॉडेट खुर्चीवर बसले आहेत आणि ॲलिस त्यांजपाशी उभी आहे. दोघेही हाताच्या बोटांनी पहिले अक्षर करीत आहेत, आणि ती त्यांच्या तोंडाकडे पाहत आहे. त्या मुलीस त्यांनी श्रवण दिले नाही. ते त्यांच्या हाती नव्हते. त्यांनी टोपी खाली ठेविली, जमिनीवर वाकले, व जे अक्षर तीस दिसेल ते लिहिले. एवढे कोणत्याही शेजाऱ्यास करिता येते.